उभ्यानं पूजा करणाऱ्या बाई

बाईंना देवापुढे वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी देवाशी रोज इतकं बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. सकाळी आंघोळ झाली की त्या देवघरासमोर उभ्या राहायच्या. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, मान ताठ. उभी हयात मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात गेली, त्यामुळे त्यांचं देवदर्शनही सावधानमध्येच व्हायचं. फुलं वाहून, दिवा लावून झाला की देवीकडे सरळ बघत त्या तिला दिवसभराची कामं सांगायच्या. समोरच्या घरच्या सुनेचे दिवस भरलेत, आज तिकडे लक्ष दे. दूधवाल्याचा खोकला जात नाही, त्याचंही बघ. हात जोडणं मात्र नाही, कपाळ टेकवणं तर नाहीच.

यवतमाळात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मी उमरखेडकडच्या एका तांड्यावरची. आम्ही बंजारा, घरात गोरबोली, बाहेर मराठी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून शहरात आले. खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला जात विचारली नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं आणि मागे-पुढे होऊन बघितलं. "खांदे पडलेत तुझे," म्हणाल्या, "दोन महिन्यांत नीट करू." त्यांच्या अटी दोनच होत्या. उजाडल्यावर अंथरुणात लोळायचं नाही, आणि संध्याकाळी दिवा लागला की खाली येऊन तोंड दाखवायचं. एकटं राहणारं माणूस दिवसातून एकदा तरी कोणाला दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या स्वतः एकट्याच राहायच्या. ती अट त्यांनी किती माझ्यासाठी घातली होती आणि किती स्वतःसाठी, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचे वडील कचेरीत हेडक्लार्क, आजोबा वकिलाकडे कारकून. घरातली भाषा छापील. पण बाई चिडल्या की वऱ्हाडीत यायच्या. "काहून अशी वाकून चालून राह्यली? जमिनीवर काही सांडलं का तुहं?" हे मी त्यांना बारा ठिकाणी बाराजणींना म्हणताना ऐकलं आहे. भाजीवालीला, बँकेतल्या मॅडमना, एकदा तर नगरसेविकेलाही. कोणी धापा टाकत वाईट बातमी घेऊन आलं की आधी त्याला खोल श्वास घ्यायला लावायच्या. आधी श्वास, मग बातमी. बातमी कुठे पळून जात नाही म्हणायच्या.

न वाकण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना धाकटी बहीण तापानं फणफणली. वडील श्रद्धाळू. त्यांनी घरात अनुष्ठान मांडलं आणि ते पुरं होईपर्यंत डॉक्टरला आणायचं नाही असं ठरवलं. डॉक्टर आला तेव्हा फार उशीर झाला होता. जमलेली माणसं देवीची इच्छा, देवीची इच्छा म्हणत राहिली आणि वडिलांनी थोरल्या लेकीला देवीच्या पाया पड म्हणून सांगितलं. ती पडली नाही. तेव्हापासून नाहीच.

"मग पूजा कशाला करता?" मी विचारलं होतं.

"माझं भांडण आहे तिच्याशी," बाई म्हणाल्या. "भांडण आहे म्हणून कोणी घर सोडून जातं का?"

बाई आता नाहीत. त्या गेल्या त्या कोरोनानं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. गेल्या वर्षी पिकल्या वयात, झोपेतच गेल्या. पण मला त्या आठवतात, त्या कोरोनाच्या दोन वर्षांतल्याच.

पहिल्या वर्षी देवळं बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका कुलपाला हात लावून रडायच्या. एक काकू रोज देवळाच्या पायरीशी जाऊन बसायच्या, पोलिसांनी उठवलं की घरी, पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच. बाईंनी त्यांना हाताला न धरता, चार हात लांबून घरापर्यंत आणलं. देवी आत क्वारंटाईनमध्ये आहे, असं त्यांना सांगितलं. ती नियम पाळून राह्यली, तुम्हाले काय झालं? काकू रडता रडता हसल्या, पण त्यांचं रडणं काही थांबेना. मग बाईंनी आरती सुरू केली. दिवेलागणीला आपापल्या फाटकात उभं राहायचं, ताम्हण आपापलं, आवाज सगळ्यांचा एक. बाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहून कवायतीसारखा ठेका द्यायच्या. आरती संपली की सगळ्यांनी हात वर करून खोल श्वास घ्यायचा, तो हळूहळू सोडायचा. हा भाग आरतीत कुठे आहे, असं एका गृहस्थांनी विचारलं. बाईंनी त्यांना आणखी दोनदा श्वास घ्यायला लावला. ज्याचा आवाज आला नाही त्याच्या फाटकासमोर जाऊन त्या चौकशी करायच्या. एकदा असाच एका म्हाताऱ्या मास्तरांचा आवाज आला नाही, म्हणून त्यांचा ताप वेळेत कळला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आजार आमच्याच घरात शिरला. आधी मला ताप आला, लगेच बाईंना. कोणाकडून कोणाला लागला, याची चर्चा बाईंनी करू दिली नाही. आम्हा दोघींना एकाच रुग्णालयात, बायकांच्या एकाच वॉर्डात जागा मिळाली. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी आम्हा बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांचे आभार मानले. बाईंनी देवीला काय सांगितलं, ते ठाऊक नाही.

बाईंच्या शेजारच्या खाटेवर मारेगावकडची एक बाई होती. वयानं चाळिशीची, अंगानं मजबूत, शेतात राबलेली. तिचा नवरा खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात. तिनं कमरेला अंगाऱ्याची पुडी खोचली होती आणि ती तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सारखा काढायची. डॉक्टर सगळ्यांना पालथं झोपायला सांगायचे. पोटावर झोपलं की पाठीकडची फुप्फुसं मोकळी होतात आणि श्वास जरा बरा मिळतो, असं सिस्टर पुन्हा पुन्हा समजवायच्या. ही ऐकायची नाही. पालथं पडलेलं माणूस उठत नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वॉर्डातून एक-दोघींना तसं नेताना तिनं पाहिलंही होतं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली खाली चालला होता आणि ती उताणी पडून छताकडे बघत होती.

एका दुपारी सिस्टर हात टेकून निघून गेल्या. बाई हातावर रेलून तिच्याकडे वळल्या. बोलायला दम लागत होता, म्हणून मध्ये मध्ये थांबायच्या.

"गावात देवी कोणती तुमच्या?"

"मरीमाय."

"तिले दंडवत घालता का?"

"घालतो ना. दरसाली घालतो. पार येशीपासून."

"मंग तेच घाला. इथं गादीवर. पोट खाली, हात पुढं. मरीमाय समोर आहे समजा."

तिनं कमरेची अंगाऱ्याची पुडी चाचपली. मग म्हणाली, "तुमी घाला आधी. मी पाह्यतो."

मी माझ्या खाटेवरून हे सगळं बघत होते. बाई डॉक्टर सांगतील तेव्हा पालथ्या झोपायच्या, पण हात अंगाशी, मान एका बाजूला, शाळेतला व्यायाम केल्यासारखं. आता त्यांच्याकडे मागितलं जात होतं ते वेगळं होतं. त्या जरा वेळ तशाच पडून राहिल्या. मग नळी सांभाळत वळल्या, पोटावर झाल्या, दोन्ही हात डोक्यापुढे नेले आणि जोडले. कपाळ गादीला टेकवलं. शेजारची बाई ते बघत राहिली आणि मग तिनंही मास्क नीट केला आणि हळूहळू अंग वळवलं.

तिचा आकडा लगेच चढला नाही. संध्याकाळपर्यंत थोडा सुधारला, दुसऱ्या दिवशी आणखी. पण ती आता रोज वेळेवर पालथी व्हायची आणि तिचं बघून समोरच्या दोघी-तिघीही. सिस्टरसुद्धा म्हणायला लागल्या, चला ताई, दंडवताची वेळ झाली. खिडकीजवळची एक मुलगी तरीही गेली. ती रोज दंडवत घालत होती. त्या दिवशीही वेळ झाल्यावर सगळ्या पालथ्या झाल्या.

मला जरा बरं वाटायला लागल्यावर मी बाईंना विचारलं, इतक्या वर्षांनी वाकलात ना शेवटी? त्या म्हणाल्या, "खरं सांगू? एकदा पालथं पडल्यावर आपण कोणापुढे पडलो, ते कळत नाही."

यानंतर जे झालं, ते त्यांना फार लागलं. मारेगावच्या बाईचा नवरा खालच्या वॉर्डातच वारला. सिस्टरनं ते हळूच बाईंच्या कानावर घातलं आणि सांगितलं की तिची प्रकृती सावरेपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, तुम्ही शेजारी आहात, सांभाळून घ्या. ती रोज दंडवत घालताना पुटपुटायची, मरीमाय, माह्या मालकाले बरं कर. आणि आमच्या बाई, ज्यांनी कधी मुलीला खोटे गुण दिले नाहीत की शेजारणीला खोटं बरं म्हटलं नाही, शेजारी पडून ते ऐकत राहिल्या.

आम्ही दोघी घरी आलो. मारेगावची बाईही आपल्या घरी गेली. मी आठवड्याभरात हिंडू-फिरू लागले. बाई मात्र उठेनात. डॉक्टरांनी अशक्तपणा आहे, हळूहळू जाईल म्हटलं, पण ते फक्त अशक्तपणाचं नव्हतं. त्या खिडकीशी बसायच्या, पाठ वाकवून. देवघरासमोर उभं राहणं बंद झालं. दिवा मीच लावायचे. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास खायच्या आणि ताट सरकवून द्यायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "मला माहीत होतं, आणि मी तिला त्याच्यासाठी दंडवत घालू दिलं." त्याच संध्याकाळी मी गावी फोन लावला आणि याडीला, माझ्या आईला, बोलावून घेतलं.

याडीला मराठी येतं, पण तिचं मराठी गोरबोलीच्या वळणाचं. बाईंना उठवायचा तिनं काहीच प्रयत्न केला नाही. मला त्याचा रागच आला. ती ज्वारीची भाकरी करायची, वरण पातळ करून द्यायची आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसून आपलं शिवणकाम करायची. बोलली तर आपलंच बोलायची. माझे मोठे बापू, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, याच साथीत गेले होते. गाडीत बसवून नेलं आणि परत आणलंच नाही. तेव्हापासून माझे वडील घराबाहेर पडलेले नाहीत, दाढीही केलेली नाही, हे तिनं बाईंना सांगितलं. मला ते फोनवर इतकं कधी सांगितलं नव्हतं. बाई ऐकत होत्या. तीन-चार दिवसांनी याडीनं शिवणातून वर न बघता म्हटलं, "बाई, तुमच्या मनात जे आहे ते त्या मारेगाववालीचं आहे. तिचं तिला देऊन टाका."

वॉर्डातून निघताना घेतलेला तिचा नंबर मी लावून दिला. बाईंनी फोन कानाला लावला, सवयीनं आधी श्वास घेतला आणि सरळ सांगून टाकलं, मला कळलं होतं, मी तुमच्यापासून लपवलं.

पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू येत होता. "मले बी मालूम होतं, बाई. माह्या पोराचा फोन आलता त्याच दिवशी."

"मग तुम्ही रोज त्याच्यासाठी..."

"तुमी बाजूले पालथ्या पडून राह्यल्या होत्या. म्या सांगतलं असतं तर तुमी उठून बसल्या असत्या माह्यापाशी. तुमचा आकडा तवा लई खाली होता."

बाईंनी फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. याडीनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खालून आवाज आला. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, खांदे मागे न्यायचा प्रयत्न करत होत्या आणि जमत नाही म्हणून स्वतःवरच वऱ्हाडीत खेकसत होत्या. त्या दिवशी पाच पावलं, मग ओसरीपर्यंत, मग फाटकापर्यंत. फाटकात पोचल्या त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी आपापल्या दारातून टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांना टाळ्या थांबवून श्वास घ्यायला लावलं.

लसीची पाळी आली तेव्हा बरं होऊन काही महिने थांबायला सांगितलं होतं, तेवढे त्या थांबल्या. तोवर तांड्यावर लस घ्यायला कोणी तयार नाही, असं याडीनं फोनवर सांगितलं होतं, आणि सगळ्यांत पुढे नकार देणारे माझे बापूच, म्हणजे वडीलच, होते. बाईंनी यवतमाळात लस घेतलीच नाही. तांड्यावर शिबिर कधी आहे ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, घेऊन चल मला. एवढा प्रवास झेपणार नाही म्हणून मी भांडले. त्या एसटीत जाऊन बसल्या. उमरखेडला उतरून पुढे ऑटोनं गेलो. वाटेत कपाशीची शेतं लागली की त्या पाठ टेकून डोळे मिटायच्या आणि श्वास मोजायच्या, पण परत चल म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत.

बापू आतल्या खोलीत होते. बाई गेल्या तेव्हा ते उठून उभे राहिले, मास्तरीण बाई म्हणून आदरानं, पण लगेच सांगून टाकलं, "सुई नाई घेणार मी. माह्या भावाले दवाखान्यात सुयाच देल्या. काय झालं?"

लस आणि ती सुई वेगळी, हे मी तोंड उघडून सांगणार होते. बाईंनी हातानं मला थांबवलं आणि विचारलं, "भाऊ कसे होते तुमचे?"

हे बापूंना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ते बोलायला लागले आणि दुपार उलटेपर्यंत थांबले नाहीत. एरवी दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची बाईंना खोड होती, त्या दिवशी त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मोठे बापू होळीला लेंगीची गाणी म्हणायचे तेव्हा शेजारच्या तांड्यावरची माणसं यायची. बैल बिथरला की त्याच्या कानात गाणं म्हणायचे. गाडीत बसताना त्यांनी हात हलवला होता, आणि बापूंनी आपला हलवला नव्हता, कारण भाऊ परत येणारच होता. "तोंड नाई पाह्यलं त्याचं," बापू म्हणाले. "भोग बी नाई लागला."

"मग आज लावा," बाई म्हणाल्या. "महिने झाले म्हणून काय झालं?"

संध्याकाळी तांड्यातल्या मंदिरासमोर गोवऱ्यांचा विस्तव केला. गेलेल्या माणसाच्या नावानं देतात तो तूप-गुळाचा भोग याडीनं केला होता. विस्तवात तो टाकला गेला, तांड्याच्या नायकांनी अरदास, म्हणजे प्रार्थना, म्हटली, मोठ्या बापूंचं नाव घेतलं आणि सगळा तांडा वाकला. बाई मागे ताठ उभ्या होत्या, हात मांड्यांना लावून. माझ्या चुलत बहिणीनं मला कोपरानं ढोसून विचारलं, ह्या वाकत काहून नाई? देवीशी त्यांचं भांडण आहे, मी सांगितलं. तिनं मान हलवली, जणू तिला ते पुरेसं होतं.

घरी येताना बापूंनी बाईंना विचारलं, "तुमी उद्या घेनार का सुई?"

"त्यासाठीच आले."

"देवावर इस्वास हाय ना तुमचा?"

"आहे. नसता तर एवढ्या लांब कशाला आले असते? घरीच बसले असते."

सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत टेबल मांडलं होतं. सिस्टर आल्या होत्या, डबा उघडून बसल्या होत्या आणि तांडा बाहेर चिंचेखाली उभा होता, कोणी आत यायला तयार नाही. बाई गेल्या, खुर्चीत बसल्या, बाही वर केली. झाल्यावर शेजारच्या बाकावर, जिथे अर्धा तास थांबायचं असतं तिथे, दंडाला कापूस धरून बसून राहिल्या. बाहेरची माणसं त्यांच्याकडे बघत होती. बाई खाली बघत होत्या, पाठ मात्र सरळ.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग बापू आले. दाढी करून आले होते. खुर्चीत बसले. सिस्टरनं नाव विचारलं आणि त्यांनी मोठ्या बापूंचं नाव सांगितलं. सिस्टरनं लिहायला घेतलं. बापू त्या कागदाकडे बघत राहिले.

"तो गेला," ते म्हणाले. "माह्यं लिहा."

आणि स्वतःचं नाव सांगून त्यांनी बाही वर केली.